साखरेच्या पाण्यातली फुलं

इमारतीत तिला सगळे रीळकाकू म्हणत. ती जिना चढू लागली, की तिच्या पिशवीतून दोऱ्याचं रीळ हमखास निसटायचं आणि मागे दोऱ्याची रेघ सोडत टुणटुण पायऱ्या उतरायचं. ज्याच्या दाराशी ते थांबे, तो ते उचलून उभा राही आणि काकू दोरा गुंडाळत गुंडाळत त्याच्यापर्यंत पोचे. मग दोन शब्द व्हायचेच. या रिळापायी तिची सगळ्या मजल्यांशी ओळख झाली होती.

क्रोशाची सुई तिच्या हातात कायमची. घरात जी वस्तू जागची हलत नाही, तिच्यावर काकूचं विणकाम चढलेलं असे. रेडिओला झालर, बाटलीला टोपी, खुर्चीच्या हातांना फुलं. तिचा नवरा बोटीवर नोकरीला होता. सुट्टीवर घरी आला, की मी आपला मधूनमधून उठून उभा राहतो, नाहीतर मलाही झालर लागायची, असं तो सगळ्यांना सांगे.

नवरा बोटीवर गेला, की घरात दोघीच. काकू आणि तिची नणंद. वन्सं शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, जीभ सुईहून टोकदार. काकूचं विणकाम त्या डोळ्यांजवळ धरून बघत, टाके मोजत आणि परत देताना म्हणत, "छंद म्हणून छान आहे हो, वहिनी." हा 'छंद म्हणून' काकूच्या जिव्हारी लागे. उलटून बोलायची तिची रीत नव्हती. पण आपण बसून करतो ते काम आहे, हे एकदा तरी या बाईच्या तोंडून निघावं, अशी तिची फार इच्छा होती.

एके दिवशी रीळ थांबलं ते तळमजल्यावर, कपडेपटमामांच्या दाराशी. मागच्या गल्लीतल्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळण्यात मामांचा जन्म गेला होता. राजे, चोर, वकील, भुतं, सगळ्यांची मापं त्यांना तोंडपाठ. त्यांनी रीळ उचललं आणि ते काकूच्या पिशवीकडे बघतच राहिले. पिशवीचा कोपरा झिजला होता, त्यावर तिनं एक जांभळं फूल विणून बसवलं होतं.

"हे ठिगळ तुम्ही केलंत?" मामांनी विचारलं.

"ठिगळ नाही, पॅच आहे तो," काकू म्हणाली.

"खाली भोक आहे ना? मग ठिगळच. पण देखणं आहे."

दुसऱ्याच दिवशी मामा राणीचा झगा घेऊन वर आले. गडद निळ्या मखमलीचा, जमिनीवर लोळणारा. असा झगा आजकाल शिवून मिळत नाही आणि मिळाला तरी असा डुलत नाही. त्याला पाहून प्रेक्षक आधी दचकायचे आणि मग बाईंकडे, म्हणजे राणी करणाऱ्या नटीकडे बघायचे. पण पेटीत पडून पडून त्याला कसर लागली होती. गळ्यापासून खांद्यापर्यंत आणि पुढे पाठीवर बारीक भोकं पडली होती. मामांनी गोष्ट सरळ सांगितली. भोकांवर फुलं बसवायची. जमलं, तर कंपनीच्या सगळ्या कपड्यांचं काम काकूचं, कपडेपटात खिडकीशी टेबल मांडून. नाही जमलं, तर बाजारात इस्त्रीनं चिकटणारे तयार पॅच मिळतात, ते आणायचे आणि मोकळं व्हायचं.

काकूनं मोत्याच्या रंगाचा दोरा घेतला आणि विणायला बसली. फुलं सुरेख उतरली, पण मखमलीवर ठेवली, की पाकळ्या माना टाकायच्या. रंगमंचावरचं फूल कसं, शेवटच्या रांगेतल्या माणसाकडेही तोंड वर करून बघायला हवं. ही तर झोपलीच होती. शेवटी वन्संनीच तोड सांगितली. त्यांच्या शाळेत प्रदर्शनासाठी विणलेल्या वस्तू साखरेच्या दाट पाण्यात बुडवून, आकार देऊन वाळवत. कडक होतात, कपाटात वर्षानुवर्षं तशाच राहतात. काकूनं तसंच केलं. वाळलेली फुलं टिचकी मारली तर वाजावीत अशी झाली.

पहिल्या प्रयोगाला राणी आली आणि प्रेक्षागृहात एक हलकीशी कुजबुज फिरली. बाईंनी रंगपटात आरशासमोर उभं राहून एकेका फुलावरून बोट फिरवलं. प्रयोग संपल्यावर मामांनी घाईघाईत झगा घडी करून पेटीत ठेवला. बाईंच्या घामानं तो ओला होता, दिव्यांनी गरम झाला होता आणि साखर पाघळली होती. हे कुणाच्या ध्यानात येणार? प्रदर्शनातल्या वस्तूंना घाम येत नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी पुन्हा प्रयोग. काकू विंगेत उभी होती, वन्संनाही तिनं आग्रहानं आणलं होतं. शेवटच्या अंकात राणी मरते. पायऱ्यांवर आडवी होते आणि राजा तिच्याजवळ गुडघे टेकून भाषण करतो. भाषण मुळातच लांब, त्यात राजाला कुठे टाळी मिळाली, की तो तिथे आणखी चार वाक्यं पदरची घाली. त्या दिवशी टाळ्या बऱ्याच होत्या. दिव्यांची धग झग्यावर पडली आणि पाकळ्यांच्या खाली आठवडाभर सुखानं राहिलेल्या मुंग्या बाहेर पडल्या. गळ्यावरून निघाल्या, कानामागे गेल्या.

आता मेलेल्या राणीला मान खाजवता येत नाही. बाई पट्टीच्या नटी. त्यांनी श्वास आवरला, बोटं आवळली, पण मुंगी नाकाशी आली तेव्हा राणीचं नाक हललं. मग खांदा उडाला. पहिल्या रांगेतून खुदकन आवाज आला. राजानं आयत्या वेळी सुचून, प्रिये, तुझा आत्मा अजून इथंच घुटमळतो आहे, असं म्हटलं, आणि तिथे सगळं नाट्यगृह हसत सुटलं.

पडदा पडला तशा बाई ताडकन उठल्या. रंगपटात झगा उतरवून फेकला आणि मामांना धारेवर धरलं. पेटी कुठे ठेवता, खाऊच्या डब्याशेजारी का, आयुष्यभर मरते आहे, असं हसं कधी झालं नव्हतं, असं बरंच काही. मामांना काही उमगेना. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि रंगभूषा करणाऱ्या मुलीवर घसरले. ही पेटीवर चहा ठेवते, सांडला असणार. मुलगी रडवेली झाली, कारण चहा ती ठेवायची खरंच.

काकू दारात उभी होती. गप्प राहिली असती, तर चहा गुन्हेगार ठरला असता आणि खिडकीपाशी तिचं टेबल लागलं असतं. वन्संनी तिचा दंड धरला आणि हळूच म्हटलं, "चल वहिनी, आपल्याला कुणी विचारलेलं नाही." काकूला मोह झाला नाही असं नाही. पण त्या मुलीच्या हातात अजून पावडरचा पफ होता आणि तिला तो ठेवायचंही सुचत नव्हतं.

"चहा नाही," काकू म्हणाली. "फुलं कडक राहावीत म्हणून मी ती साखरेत बुडवली होती."

बाई तिच्याकडे वळल्या. "साखरेत," त्या म्हणाल्या. "म्हणजे मला पाकात घालून रंगमंचावर पाठवलंत." आणि त्यांना हसू फुटलं. पण मामा हसले नाहीत. कपडेपट त्यांचा होता. ते म्हणाले, की पुढच्या प्रयोगाला फुलं साखरेशिवाय उभी राहिली पाहिजेत, नाहीतर बाजारातले पॅच आणतो.

घरी येऊन काकूनं फुलं सोडवली आणि कोमट पाण्यात धुतली. साखर गेली तशी फुलं चुरगळलेल्या कागदासारखी झाली. तिनं एक फूल हातात घेतलं, टोक शोधलं आणि ओढलं. क्रोशाचं असं असतं, करायला दुपार जाते आणि उसवायला एक दम पुरतो. वन्सं समोर बसल्या होत्या. त्यांनी दुसरं फूल उचललं आणि उसवलेला दोरा गुंडाळू लागल्या.

या वेळी काकूनं घरातली सगळ्यात बारीक सुई काढली. खांब विणायचे सोडून मुके खांब घातले, म्हणजे सगळ्यात बुटका आणि दाट टाका. दोरा इतका आवळून ओढला, की बोटाला वळ पडला. फुलं उभी राहिली, साखरेविना. फक्त आकसली. झग्यावर ठेवून पाहिली, तर प्रत्येक फुलाच्या कडेनं कसरीचं भोक डोकावत होतं. मोत्याच्या रंगाचा दोरा तर संपलेला, आणि त्याच छटेचा पुन्हा मिळेल याची खात्री नाही. शेवटी काकूनं काळा दोरा घेतला आणि प्रत्येक फुलाभोवती काळ्याची एक फेरी घातली. भोकं झाकली गेली. वन्संनी एक फूल उचलून लांब धरलं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि तिथून बघितलं. काळ्या कडेमुळे फूल मखमलीतून वर आल्यासारखं दिसत होतं. त्या परत आल्या, चष्मा पुसला आणि उरलेली फुलं झग्यावर टाचायला बसल्या. शिवताना एवढंच म्हणाल्या, की पाठीवरची आधी लाव, कामाला उशीर नको.

प्रयोगाच्या दिवशी राणी मेली ती अशी, की पापणी हलली नाही. राजानं भाषण मनसोक्त लांबवलं. पहिल्या रांगेतले लोक मागच्या खेळाची गंमत ऐकून आले असावेत, ते वाट बघत बसले आणि हळूहळू विसरून गेले. विंगेत मामा काकूच्या शेजारी उभे होते. राजाकडे त्यांचं लक्ष नव्हतं, फुलांकडे होतं.

पडदा पडला. टाळ्या चालू असतानाच ते म्हणाले, "उद्या राजाचा कोट देतो. कोपरं गेली आहेत."

"कापड कसलं आहे?" काकूनं विचारलं.

"लोकरीचं."

"मग उद्या नको. आधी मला दाखवा. लोकरीला ही सुई चालायची नाही."

मामांनी कमरेची किल्ली काढली आणि कपडेपटाकडे निघाले. काकू त्यांच्यामागून गेली.