अक्काचा फोटो

बाबांच्या पश्चात त्यांनी काढलेल्या कृष्णधवल निगेटिव्ह कपाटात पडून होत्या. त्या कॉम्प्युटरवर घ्यायला स्कॅनर बघायला निघालो, तर आईही सोबत आली. दुकानदाराने नमुन्याला एक निगेटिव्ह मागितली. आईने तिच्या थोरल्या बहिणीची, अक्काची दिली. अक्का तरुणपणीच गेली. तिचा एवढा एकच फोटो.

पहिल्या स्कॅनरने धूळ, ओरखडे आपोआप पुसले. पडद्यावर नितळ चेहरा आला.

"बघा, किती स्वच्छ!" दुकानदार म्हणाला.

आईने मान हलवली. "ही अक्का नाही. तिच्या गालांवर देवीचे व्रण होते."

दुसऱ्या, साध्या स्कॅनरवर धुळीचे ठिपके तसेच आले आणि अक्काचे गालही व्रणांसकट आले. मी तोच घ्यायचं ठरवलं. धूळ कुठली आणि माणूस कुठलं, हे यंत्राला कसं कळावं? त्यासाठी त्या चेहऱ्याला कुणीतरी जीव लावलेला असावा लागतो.

आई पडद्याजवळ वाकली. "या व्रणांपायी ती कधी फोटोला उभी राहायची नाही," ती हळूच म्हणाली. "एकदाच तुझ्या बाबांना म्हणाली, काढा, पण जशी आहे तशीच काढा."