चिठ्ठीवर नाव नव्हतं

पंचशीला सोनकांबळे मॅडमना कुणाचंही अक्षर ओळखता येतं, हे मुखेड तालुक्यातल्या त्या खेड्याच्या शाळेत पाचवीच्या पोरालाही ठाऊक होतं. सव्वीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणजे किती हजार वह्या डोळ्यांखालून गेल्या असतील, तुम्हीच बघा. रजेच्या अर्जावर बापाची सही पोरानंच ठोकून दिलेली असली, की मॅडम अर्ज डोळ्यांसमोर धरून म्हणायच्या, "तुझे वडील आजकाल वेलांटी लई लांब ओढून राहिले रे." पोरगं आपणहून कान धरायचं.

एकदा मुख्याध्यापक व्यंकटरावांच्या टेबलावर निनावी पत्र आलं, की साहेब परिपाठाला रोज उशिरा येतात. साहेबांनी ते लपवून मॅडमना दाखवलं. मॅडमनी वाचलं, पदराआड हसल्या आणि म्हणाल्या, "ओळखलं. पण सांगणार नाही." साहेब आठवडाभर फुगून बसले. मॅडमना या विद्येचा थोडा ताठा होता, हे कबूल करायलाच हवं. बाईच्या वाट्याला मिरवण्यासारखं दुसरं काही आलं नव्हतं. नवरा लवकर गेला, मुलगा पुण्याला, आणि घरी वह्यांचे गठ्ठे.

दोन वर्षांमागे लातूरला प्रशिक्षण झालं. पोरं मोबाईलवर काय बघतात, तिथं त्यांना कोण छळतं, अशा वेळी शाळेनं आणि घरानं काय करायचं, असा विषय. जेवणानंतर बाकीचे शिक्षक डुलक्या घेत होते आणि मॅडम वही भरत होत्या. परत आल्या त्या अंगात वारं शिरल्यासारख्याच. सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली आणि मुद्दाम पाण्याच्या टाकीमागे लावली, म्हणजे चिठ्ठी टाकताना कुणी बघू नये. मग वर्गावर्गांत जाऊन सांगितलं, "नाव लिहू नका. मी विचारणार नाही आणि कुणाला विचारूही देणार नाही."

पालकसभेत आयांनाही सांगितलं, की मोबाईल हिसकावून घेऊ नका, आधी लेकराजवळ बसा, त्याला बोलू द्या. एक बाई पटकन म्हणाली, "बसायला टाईम कुठं हाय मॅडम? रान कोन बघंल?" सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या, पण सांगायच्या काही थांबल्या नाहीत.

दर शनिवारी पेटी उघडायची. समोर व्यंकटराव, पालकांच्या वतीनं नरसिंग आणि मॅडम. पहिलं वर्ष खिचडीत मीठ नाही, पंखा फिरत नाही, असल्याच चिठ्ठ्या निघाल्या. नरसिंग म्हणायचा, "पेटी कशाला, हा तर मेनूकार्डाचा डबा झाला."

मग मागच्या ऑगस्टातला शनिवार आला. वहीचं अर्धं पान, चार घड्या घातलेलं. व्यंकटरावांनी मोठ्यानं वाचलं, मॅडम शेजारून कागदावर नजर ठेवून होत्या. गॅदरिंगमधला माझा फोटो घेऊन वर्गातल्या दोघांनी मोबाईलवर घाणेरडा फोटो बनवला आहे. आता दुसरे फोटो मागतात. नाही दिले तर गावाच्या ग्रुपवर टाकू म्हणतात. खाली त्या दोघांची नावं होती. आणि शेवटची ओळ, घरी सांगू नका.

"मस्करी असंल," नरसिंग म्हणाला. "त्यातलं एक पोरगं आपल्या गल्लीतलं हाय, लई गरीब. कुनीतरी खुन्नस काढून राहिलं."

"नाव नाही, गाव नाही," व्यंकटराव चष्मा पुसत म्हणाले. "पुढच्या शनिवारी बघू."

पुढच्या शनिवारी! मॅडमच्या डोक्यात तिडीक गेली. अक्षर त्यांनी पहिल्या ओळीलाच ओळखलं होतं. आधी सगळा शब्द लिहायचा, मग त्याच्यावर एका दमात रेघ मारायची, अशी सवय शाळेत एकाच पोरीला होती. "मस्करी नाही ही," त्या म्हणाल्या. "हे तनुजाचं अक्षर आहे. ती पोरगी खोटं लिहिणार नाही."

बोलून गेल्या. नरसिंगनं वर बघितलं. "भुजंगची तनुजा?"

मॅडमनी त्याला बजावलं, हात जोडले, शपथ घातली. त्यानं मानही हलवली. पण शाळा सुटून तनुजा घरी पोचली तेव्हा बाप शेतातून परत आलेला होता, दार लावलेलं होतं आणि आई चुलीपुढे रडत होती. भुजंगनं मोबाईल दगडावर ठेचला. सोमवारी तनुजा शाळेत आली नाही. मंगळवारी तिला देगलूरला आत्याकडे पोचती केली.

मॅडम एकट्या पोलीस ठाण्यात गेल्या. तिथल्या पोलीसबाईंनी नीट ऐकून घेतलं, दोन्ही पोरांचे मोबाईल जमा केले, त्यांच्या बापांना बोलावलं. चार दिवसांत फोटो सगळीकडून काढले गेले, पुढची कारवाई सुरू झाली. ज्या कामासाठी पेटी लावली ते काम झालं म्हणायचं. पण गावाच्या तोंडी तनुजाचं नाव बसलं ते बसलं. ज्यांनी फोटो पाहिला नव्हता तेही तो कसा होता ते सांगू लागले. भुजंग मॅडमना एसटी थांब्यावर भेटला आणि एवढंच म्हणाला, "तुमच्या भरवशावर पोरगी शाळेत धाडली व्हती, बाई." त्याच्यावर रागवावं असंही मॅडमना वाटेना.

आता एकच गोष्ट हातात होती. तनुजा दहावीत होती, तिचं नाव पटावर होतं, आणि काहीही करून तिनं परीक्षेला बसायला हवं होतं. मॅडम दर दुसऱ्या रविवारी देगलूरची गाडी धरू लागल्या. आत्या सिंधुबाई मनानं बरी. चहा टाकायची आणि दोघींना ओसरीवर सोडून आत जायची. तनुजा सांगितलेलं सगळं करायची, विचारलेलं तेवढंच बोलायची. दिवाळीनंतर एकदा मॅडमनी तिची निबंधाची वही उघडली आणि त्या चपापल्या. अक्षर भलत्याच कुणाचं होतं. डावीकडे कललेलं, तुटक, डोक्यावर रेघच नसलेलं.

"हे कुणी लिहिलं गं?"

"मीच, मॅडम. बदललं."

मॅडमना त्याच क्षणी माफी मागायची होती. त्यांनी लाल पेन काढलं आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसल्या.

भुजंग शेवटी तयार झाला. पेपरापुरती येऊ दे, म्हणाला. केंद्र मुखेडला होतं. पहिला पेपर मराठीचा, म्हणजे मॅडमच्याच विषयाचा, म्हणून त्यांना त्या दिवशी सुपरव्हिजन नव्हती. ठरलं असं, की सिंधुबाईनं तिला लातूरला जाणाऱ्या गाडीत बसवायचं आणि मॅडमनी मुखेडच्या स्टँडवर उतरवून घ्यायचं.

दहाला गाडी आली. माणसं उतरली, पिशव्या उतरल्या, तनुजा उतरली नाही. मॅडम वर चढल्या. ती मागच्या बाकावर होती, युनिफॉर्म घातलेला, ओढणी कपाळापर्यंत ओढलेली. खिडकीबाहेर त्यांच्याच गावातली तीन-चार माणसं आपापल्या पोरांना पेपराला सोडायला आली होती.

"चल बेटा, अजून वेळ आहे."

तनुजानं मान हलवली. "न्हाई जमायचं, मॅडम. तिथं समदे वळखतेत मला."

मॅडमचा हात तिच्या दंडापर्यंत गेला. ओढून उतरवावं, वर्गात नेऊन बसवावं, एकदा लिहायला लागली की लिहील. हात तिथंच थांबला. या पोरीच्या वतीनं त्यांनी एकदा ठरवलं होतं. "नक्की नाही?" त्यांनी विचारलं. तनुजानं पुन्हा मान हलवली. मॅडम तिच्या शेजारी बसल्या.

साडेदहाला कंडक्टरनं घंटी मारली. गाडी स्टँडबाहेर पडली, केंद्राच्या फाटकासमोरून गेली आणि जांबच्या रस्त्याला लागली. मुखेड मागे पडलं. मग तनुजाच बोलली. गेल्या सहा महिन्यांत तिनं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न असावा.

"मॅडम, तुम्ही माझं नाव सांगितलं म्हनून फोटो निघाले ना? न्हाई सांगितलं असतं तर अजून असते. व्हय ना?"

तिला हो ऐकायचं होतं, हे मॅडमना दिसत होतं. एक हो म्हटलं असतं तर दोघींचंही ओझं हलकं झालं असतं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "तू त्या पोरांची नावं लिहिली होतीस. तेवढ्यावर झालं असतं सगळं. तुझ्या नावाची गरजच नव्हती. मी चुकले."

तनुजानं त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग तोंड फिरवून ती खिडकीशी सरकली आणि दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा झाली. अकरा वाजून गेले होते, पेपर सुरू झाला होता. कंडक्टर आला तेव्हा मॅडमनी जांबची दोन तिकिटं मागितली आणि त्या होत्या तिथंच बसून राहिल्या.