मिशाळ भात आणि रविवारचा चोर

वेबसाइटचे किस्से म्हणजे कणगीतले उंदीर. एक धरावा तर मागून चार!

आमची वेबसाइट डहाणू-तलासरीच्या जुन्या भात-नागलीची. वाणांचे फोटो, आणि पेरायचं कसं ते म्हातारे स्वतःच्या तोंडाने सांगतात. दोन हजार सोळा साली, डहाणू रोडला शैलेशच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून आम्ही चौघांनी उभी केली: शैलेश, हंसाबेन, सखूबाई आणि मी. मी सहावी शिकलो, तीसुद्धा दोन वर्षं. पण वेबसाइटवर पहिला आवाज माझाच!

*

हायवेला अच्छाडच्या ढाब्यावर दिसेल त्या ड्रायव्हरला मी ती दाखवायचो. एकाने विचारलं, "चाचा, माल कहाँ तक जाता है?"

"पूरी दुनिया. भाडा जीरो!"

*

कुसळवाल्या भाताचा फोटो हवा होता. मी माझ्याच मिशीचा जवळून काढून दिला. नाव, 'कैनाडचा मिशाळ'. शैलेशने चढवलासुद्धा!

दोन महिन्यांनी चिकूवाडीच्या हंसाबेन किंचाळल्या, "लखुभाई, आ शुं? भाताखाली ओठ कुठून आला?"

शैलेशने फोटो उडवला. आठ दिवस माझा चहा बंद!

*

मिशी उडायच्या आधीपासूनच, पेरणीच्या तोंडावर, वेबसाइट दर रविवारी गुदमरायला लागली होती. लोकांना बघायला सवड रविवारीच!

"काका, कोणीतरी प्रोग्रॅम लावलाय," शैलेश म्हणाला. "सगळी पानं एका दमात उतरवून नेतो. ब्लॉक करू?"

"करी नाख!" हंसाबेन म्हणाल्या. "मेहनत आपली, आणि हा पोती भरून नेणार?"

निम्मी बियाणी जिच्या घरची, ती सखूबाई कोपऱ्यात बसली होती. म्हणाली, "आमच्यात बी एका घरात ठेवत नाय. थोडं शेजारी देतात. घर जळलं तरी वाण राहतं. नेतो तर नेऊ दे. हळू ने म्हणावं."

"तसं करता येतं," शैलेश पुटपुटला, आणि त्याने चोराचा वेग बांधून दिला.

शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईने कंप्युटरवाल्याला कंप्युटर शिकवला! आमची माणसं अशी आहेत.

*

पुढच्या वर्षी वेबसाइट ज्या मशीनवर होती तेच बसलं. शैलेशची जादा कॉपी कुठे? त्याच मशीनवर! सगळं गेलं. सखूबाईच्या वारलेल्या नवऱ्याचा आवाजही.

चोराच्या प्रोग्रॅमने येण्याजाण्याच्या नोंदीत आपला ईमेल ठेवला होता, तो शैलेशने वेग बांधताना वहीत उतरवून घेतला होता. शैलेशने हात जोडून लिहिलं. तिसऱ्या दिवशी तलासरीच्या डोंगरातले एक मास्तर पेन ड्राइव्ह घेऊन हजर!

"शाळेत नेटवर्क नाही. रविवारी अच्छाडला येऊन उतरवतो, सोमवारी पोरांना ऐकवतो. एकदा उतरवलेलं पुसत नाही."

स्पीकरवर सखूबाईचा नवरा नागली कशी लावायची ते सांगू लागला. सखूबाईने पदर तोंडाला लावला. हंसाबेननी मास्तरांना चिकूची अख्खी पेटी दिली.

तेवढ्यात मास्तरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "काका, या मिशाळचं मूठभर बी मिळेल? पोरं वर्षभर मागे लागलीयत!"