शेजारची नटी, म्हणे

लॉकडाऊनमध्ये घरातलं पीठ संपायचं, किस्से मात्र साठतच गेले. बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या आमच्या गॅलरीत खुर्च्या दीड मीटर लांब ठेवून बसलं की शेजारच्या मार्जरीबाई सुरू व्हायच्या. आणि मी आत येऊन सुनेला, केतकीला, सांगायचे, "आज आणखी एक थाप."

मार्जरीबाई मूळच्या इंग्लंडच्या. डच नवऱ्यामागे इथे आल्या, आता एकट्या. "तरुणपणी मी सिनेमात होते," असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी माझ्या ऐकून शिकलेल्या इंग्रजीत विचारलं, "हिरॉईन?"

"छे. मी दार उघडायचे. 'मॅडम, पोलीस आलेत,' एवढंच. मग मॅडम रडायच्या आणि मी स्वयंपाकघरात जायचे. वर्षानुवर्षं पोलीस येतच होते."

केतकी हसली. "आई, थापच मारायची तर राणी नसती का झाली ती?"

मुद्दा बरोबर होता. म्हणूनच मला जास्त संशय आला.

* * *

बाई सांगायच्या, दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात मटण रेशनवर होतं. सिनेमातल्या जेवणाच्या सीनला खरी चॉप आणायचे आणि कुणी खाऊ नये म्हणून तिच्यावर रॉकेल शिंपडायचे. एक दिवस कॅमेरा वळला तर ताट रिकामं! डायरेक्टर ओरडला, "रॉकेलची चॉप कुणी खाल्ली?"

"मी," मार्जरीबाई म्हणाल्या. "धुऊन."

नाताळात त्यांनी केक पाठवला, तो मी आधी हुंगला.

* * *

माझ्या मुलाने, समीरने, लॅपटॉपवर त्यांचा एक काळापांढरा सिनेमा शोधून काढला. दार उघडतं, ट्रे धरलेला एक हात येतो, दार बंद.

"तो माझा," बाई म्हणाल्या.

"आणि बाकीच्या तुम्ही?"

"कात्रीखाली गेले."

घरात एक फोटो नाही. टीव्हीवर तर म्हणे पुष्कळ कामं केली, पण सगळी लाइव्ह, रेकॉर्डिंगच नाही. किती सोयीचं!

* * *

एका गोष्टीत मात्र मला थाप दिसत नव्हती. बाईंची लंडनमधली मुलगी हेलन दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आईची परीक्षाच घ्यायची. आई विसरायला लागलीय असं दिसलं की तिची रवानगी वृद्धाश्रमात, आणि त्या दिवसांत तिथे माणूस भेटायचा तो काचेपलीकडून. बाईंना त्याची फार धास्ती.

एकदा कॉल लावून द्यायला मी गेले. हेलनने विचारलं, "आई, माझ्या धाकट्याचं नाव काय?"

मार्जरीबाई हसल्या आणि बोलायला लागल्या. ओठ हलताहेत, हात हलताहेत, आवाज शून्य.

"आई, तुझा आवाज गेला. बटण बघ!"

बटण ठीक होतं. मी तर शेजारीच बसले होते, मलाही काही ऐकू येत नव्हतं.

कॉल संपल्यावर मी सरळ विचारलं, "हे काय होतं?"

"लाइव्ह टीव्हीत कुणी वाक्य विसरलं की एक माणूस आवाज तोडायचा आणि वाक्य पुरवायचा. तोवर आम्ही नुसते ओठ हलवायचो. घरोघरी लोक आपल्याच टीव्हीला थपडा मारत बसायचे."

म्हणजे बाई खरंच नटी होती, आणि खरंच विसरत होती. दोन्ही एकदमच कळलं.

पुढच्या रविवारी हेलनने मलाच स्क्रीनसमोर बोलावलं. "तुम्ही रोज बघता तिला. खरं सांगा, आई विसरते का?"

मार्जरीबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

मी छान हसले, हात पुढे केले आणि नुसते ओठ हलवायला लागले.