खर्रा न खाल्लेला माणूस

तुम्हा दोघा नातवंडांना हे आज लिहायचं कारण, धाकटीच्या शाळेतल्या भाषणाचा व्हिडिओ काल पाहिला. "माझे आजोबा तंबाखूने गेले," असं ती म्हणाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती माहिती तिला मीच फोनवर दिली होती. ती खोटी आहे, हे मला महिन्यापूर्वी कळलं, आणि मी गप्प बसले.

आजोबांच्या मानेत डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली. तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर निघाला. पण तो मानेत दुसरीकडून आलेला होता, आणि कुठून, ते सापडेना. तोंड पाहिलं, दुर्बिणीने घसा पाहिला, स्कॅन झालं. आपल्या भागात अशा वेळी सगळे एकच विचारतात, खर्रा किती खायचे? सुपारी, तंबाखू, चुना घोटून पन्नीत बांधलेला खर्रा इथे चहासारखा चालतो.

"नाई खाल्ला व मी कधी," ते म्हणाले. "तुले काऊन पटत नाई?"

नाहीच पटलं. ते रोज भाजी विकायला जाम गावच्या चौकात जायचे, आणि तिथे पानठेल्यांची रांग आहे. परत आले की मी त्यांचे खिसे उलटे करायची. तोंड उघडायला लावून टॉर्च मारायची, वास घ्यायची. वास नसायचा. मग म्हणायची, "वेलची चघळून आलात." केळझरच्या गणपतीसमोर नेऊन शपथ घ्यायला लावली. त्यांनी घेतली. परत येताना मी म्हटलं, "देवालाही फसवता."

शेवटी एका दुपारी ताटावर बसल्या बसल्या त्यांनी हात जोडले.

"खातो मी खर्रा. झालं? आता जेवू दे."

मला समाधान वाटलं. त्यांच्या आजाराच्या फाइलमध्ये मी ते तारखेसह लिहिलं.

पुढच्या भेटीत डॉक्टरबाई म्हणाल्या, गाठीच्या तुकड्यात एक विषाणू शोधता येतो. सापडला तर मूळ टॉन्सिलच्या आसपास असणार, मग किरणं तेवढ्याच भागाला देता येतील.

"करून घेऊ," आजोबा म्हणाले.

"कशाला?" मी म्हटलं. "ह्यांनी कबूल केलंय." बाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी फाइलमधलं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. ती तपासणी राहिली.

किरणं सगळ्या घशाला दिली. लाळ आटली. जन्मभर वांगी पिकवणाऱ्या माणसाला वांग्याची फोड गिळता येईना. पातळ वरण फुप्फुसात गेलं, न्यूमोनिया झाला, आणि ते गेले.

मागच्या महिन्यात त्या हॉस्पिटलातून फोन आला. मूळ न सापडलेले जुने तुकडे ते पुन्हा तपासत होते, परवानगी हवी होती. खर्र्यावर शिक्कामोर्तब होईल म्हणून मी लगेच दिली. विषाणू सापडला.

"हा येतो कुठून?" मी विचारलं.

"खूप जणांना होतो, आजी. वर्षानुवर्षं लपून राहतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नवरा-बायकोत एकमेकांकडूनही येतो."

तेही मी तारखेसह लिहिलं.

भाषणाचं काय करायचं, ते धाकटीने ठरवावं. उरलेला तुकडा हॉस्पिटलाने मला परत दिला. मेणाच्या ठोकळीत बसवलेला, नखाएवढा आहे. माझ्या कपाटात, फाइलच्या पाकिटात आहे. कबुलीचं पानही त्याच फाइलमध्ये आहे.