लाटसाहेबांची तिकडची शाळा

मे महिन्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कुत्रीसुद्धा नालीत बसून दिवस काढतात. आमचे लाटसाहेब मात्र गळ्यात टाय बांधून फिरायचे. घाम टायच्या टोकावरून टपटप गळायचा, पण गाठ सैल करायची नाही. मी एकदा विचारलं, "सर, उकडत नाही का हो?" तर म्हणाले, "सभ्य माणसाला उकडत नाही." आता बोला! म्हणजे पदरानं वारा घेणारी मी कोण झाले?

लाटसाहेब हे नाव पोरींनी ठेवलेलं. महागावच्या बाजूला मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथं ते अधीक्षक आणि मी स्वयंपाकीण. बावीस वर्षं मी तिथल्या चुलीपुढं काढली. शाळेत मी कधी गेले नाही. अक्षरओळख झाली ती पोरींनी टाकून दिलेल्या वह्यांवरून, भाकरी भाजता भाजता. मागच्या हिवाळ्यात लाटसाहेब गेले. शोकसभेत लोक शिस्त, शिस्त म्हणून गळा काढत होते. मला दोन शब्द बोला म्हणाले, मी नाही म्हटलं. दोन शब्दांत आटोपणारा माणूस नव्हता तो. म्हणून हे लिहायला बसले.

त्यांचा जीव एका अल्बममध्ये होता. नागपूरला रविवारच्या जुन्या बाजारात मिळालेला, कोण्या गोऱ्या बाईच्या घरचं सामान विकलं गेलं त्यातला. आत सगळी जुनी पोस्टकार्डं चिकटवलेली आणि सगळ्यांवर विलायतेतल्या एकाच जुन्या बोर्डिंग शाळेची चित्रं. दगडी मनोरा, हिरवंगार मैदान, लांबच लांब जेवणघर, काळे कोट घातलेली पोरं. एकाही पोराच्या तोंडावर हसू नाही. लाटसाहेब हात धुऊन, पुसून मग अल्बम उघडायचे. आमच्या गावच्या देवळात त्यांनी कधी इतक्या भक्तीनं चप्पल काढली नाही.

आणि जन्मात विलायत पाहिली होती का? नाही हो! हैदराबादच्या पलीकडं हा माणूस गेला नव्हता. पण तोंड उघडलं की, "तिकडे असं नसतं." पोरी खिदळल्या, तिकडे असं नसतं. मी फोडणीत लसूण टाकला, तिकडे असं नसतं. एकदा मी म्हटलं, "सर, तिकडं मान्सं तरी असते का?" तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते आठ दिवस फार सुखाचे गेले.

एका वर्षी त्यांनी ठरवलं की पोरी खाली पंगतीत बसणार नाहीत, तिकडच्यासारख्या लांब टेबलांवर जेवतील. सुताराला बोलावून पोस्टकार्ड दाखवलं. सुतारानं बिचाऱ्यानं चित्रातल्या उंच पोरांच्या छातीशी बोट लावलं आणि त्या मापानं टेबलं केली. आमच्या पाचवी-सहावीतल्या पोरींची हनुवटी टेबलाला लागायची. लहानग्या उभ्यानं जेवायच्या, ताटात काय वाढलंय हेही दिसायचं नाही. वर ज्वारीची भाकरी आणि हातात चमचा! चमच्यानं भाकरी कशी मोडायची, हे तिकडच्या कोण्या पुस्तकात लिहिलं होतं देव जाणे. जेवताना बोलायची बंदी. मी सुताराला म्हटलं, "पाय काप रे बाबा." लाटसाहेब म्हणाले, "टेबल कापायचं नाही. मुली वाढतील."

एक गोष्ट मात्र त्यांच्या पदरात घालायला हवी. इंग्रजी शिकवावं तर त्यांनी. रोज संध्याकाळी ओसरीवर पोरींना घेऊन बसायचे आणि जुन्या धाटणीचं वळणदार अक्षर गिरवून घ्यायचे. तांड्यावरच्या, कोलाम आदिवासींच्या पोरी फाडफाड वाचायच्या. त्यात जमना सगळ्यांत पुढं. नववीत होती, पैनगंगेकडच्या एका बंजारा तांड्यावरची.

त्या श्रावणात जमना सर्वांआधी सुटी मागायला गेली. बंजाऱ्यांत तीज फार मोठी. लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, गाणी म्हणत पाणी घालतात, नवव्या दिवशी वाजतगाजत पाण्यात शिरवतात. जमनाच्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. म्हणजे तिची ही शेवटची तीज. पुढल्या वर्षी ती पेरणाऱ्यांत नसणार. जमनाला शेवटचे दोन दिवस तरी बहिणीसोबत गायचं होतं. लाटसाहेबांनी अर्ज वाचलाही नाही. "तिकडची मुलं सहा-सहा महिने घरी जात नाहीत. आईचं नावही काढत नाहीत." पोरगी माझ्याकडं आली आणि गव्हाच्या पोत्याला टेकून बसली. रडली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात तपासणीला मोठे साहेब येणार होते. लाटसाहेबांच्या मनात आलं, पोस्टकार्डं काचेत लावून जेवणघरात टांगावी. ती तर अल्बमला पक्की चिकटलेली. मग काम कोणाला? मला. "मावशी, वाफेवर अलगद सोडवा. एक कोपरा फाटता कामा नये." मी भाताच्या पातेल्यावर एकेक पान धरलं. डिंक सुटला, कार्डं निघाली आणि पाहते तो काय, मागं सगळं गिचमिड लिहिलेलं! इतकी वर्षं ह्या माणसानं पुजलं ते नुसतं तोंड. पाठ कोणी पाहिलीच नव्हती.

छापलेली इंग्रजी अक्षरं मला कळतात, पण ते वळणदार लिहिणं कळेना. जमनाला हाक मारली. तिनं चुलीच्या उजेडात एक कार्ड धरलं, मग दुसरं, मग तिसरं. एकाच पोराचं अक्षर, सगळी त्याच्या आईला लिहिलेली.

"काय म्हनते वं?"

"थंडी लई आहे म्हनते, मावशी. भूक लागते म्हनते. मोठे पोरं मारते."

"आन् मंग?"

जमनानं तिन्ही कार्डं पुन्हा एकदा उजेडाला धरली. मग म्हणाली, "मले घरी ने म्हनते. तिन्ही कार्डात तेच हाय. शेवटच्यात म्हनते, तू काहून नाही आली?"

म्हणजे अल्बमवाली ती गोरी बाई ह्या पोराची आई. तिनं कार्डं जपून ठेवली खरी, पण चिकटवली अशी की पोराचं बोलणं पुन्हा दिसू नये. मला त्या बाईचा रागही आला आणि गलबलूनही आलं.

मी तशीच ओल्या हातानं ऑफिसात गेले. "सर, हे वाचा." त्यांनी भिंग काढलं. तिन्ही कार्डं वाचली. ओठ हलत होते. टायच्या गाठीशी बोट गेलं, मला वाटलं, आता सैल करतात. कार्डं टेबलावर ठेवून म्हणाले, "असल्या रडक्या पोरांमुळेच त्यांचं साम्राज्य बुडालं."

"सर, मंग जमनाची सुटी?"

"नाही. आणि काचेत लावताना ही बाजू आत राहील असं पाहा."

असा तो माणूस! दगडाला पाझर फुटेल, पण ह्यांना नाही. दूधवाल्यासाठी फाटकाची एक किल्ली माझ्याजवळ असायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटक उघडलं, जमनाला एसटीत घातलं आणि शेजारी बसून तांड्यावर पोचवून आले. तिची याडी, म्हणजे आई, धावत आली. बहिणीनं तिला पाहिलं आणि हातातली टोपली खाली ठेवून मिठीच मारली. दोघी रडत रडत गात होत्या. मला त्यातला एक शब्द कळला नाही, पण सगळं समजलं.

परत आले तर लाटसाहेबांनी हात पुढं केला. "किल्ली." मी दिली. नोकरी गेली.

नवी स्वयंपाकीण आली. पोरी जेवायला बसल्या. जेवताना बोलायचं नाही हे लाटसाहेबांनीच शिकवलेलं, तेव्हा कोणी बोललं नाही. सगळ्यांनी ताटं पालथी घातली आणि हनुवट्या टेकवून बसल्या. सकाळी तसंच, संध्याकाळी तसंच. तिसऱ्या दिवशी, मोठ्या साहेबांची तपासणी तोंडावर आलेली, तर भर उन्हात टाय बांधलेला एक माणूस माझ्या दारात उभा.

"मावशी, उद्यापासून या."

मी खाट टाकली, पाणी दिलं. घरी आलेल्याला पाणी द्यावंच लागतं, मग तो कसाही असो. म्हटलं, "येते. पन तिजेले पोरी घरी जातीन. तसं लिहून द्या."

"शब्द देतो ना!"

"शब्द नोको. कागद पाहिजे."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तिथंच खाटेवर बसून सुंदर वळणदार इंग्रजीत अर्धं पान लिहिलं. खाली झोकात सही. तो कागद नोटीसबोर्डावर लागला तेव्हापासून पोरी दरवर्षी तिजेला घरी जातात. लाटसाहेब निवृत्त झाले, मी म्हातारी झाले, दोन अधीक्षक बदलले, पण नियम हलला नाही.

जमना परत आली त्या दिवशी तिनं तो कागद मला वाचून दाखवला होता. "तिजेच्या सनाले दोन दिवस सुटी." मग ती हसायला लागली.

"काय झालं वं?"

"मावशी, खाली सरांनी लिहिलं हाय, इंग्लंडातल्या थोर शाळांतही अशीच प्रथा आहे."