कुरतडलेल्या केबलवरून गेलेले फॉर्म

भूत, करणी, उतारा… माझा यातल्या कशावरच विश्वास नाही. विश्वास फक्त स्वतःच्या मूर्खपणावर — त्याने अजून एकदाही दगा दिलेला नाही.

मी नवीन जालन्यात राहतो, शाळांचे कॉम्प्युटर सांभाळतो. धावड्याच्या एका शाळेत लिनक्सचं मशीन आहे. बाहेरचं इंटरनेट त्यातूनच मुलांच्या कॉम्प्युटरला जातं. गेल्या वर्षी बारावीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता, बावीस पोरी बाकी, आणि नेट रडतखडत. मी घरी बसून त्याच इंटरनेटवरून मशीनमध्ये शिरलो आणि बाहेरचं नेटवर्क कार्ड बंद-चालू करून बघू म्हणून त्याला 'डाऊन'ची कमांड दिली. लगेच 'अप' देणार होतो… पण देणार कुठून? आत जायची वाटच मी बंद केली होती. मशीनच्या खोलीची एकुलती एक किल्लीही माझ्याच खिशात — कोणी हात लावू नये म्हणून.

हेडमास्तरांचा फोन आला. "इंजिनिअर साहेब, नेट गेलं. पोरी रडून राह्यल्या. पाचला फॉर्म बंद."

"निघालोच सर."

भोकरदनला बस बदलतोय तर पुन्हा फोन. "झालं चालू. एकदम बराबर. या आरामात."

पोचलो तेव्हा बावीसच्या बावीस पावत्या छापून तयार. मी खोली उघडली आणि नाकात जे शिरलं… शिपाई अंबादासमामा दारातूनच मागे सरकले. "वास तर चार दिवसांपासून येऊन राह्यला, सर. म्या म्हणलं, कॉम्प्युटर असाच वास मारत असंल."

मशीनमागे उंदीर. फुगून फुटलेला, अळ्या वळवळतायत, खालची फरशी चिकट. बाहेरून येणारी केबल मधोमध तुटलेली. एक टोक त्याच्या दातांत, दुसरं वीतभर लांब. नाकाला रुमाल लावून स्क्रीन पाहिला. कार्ड डाऊन. शेवटची कमांड माझीच.

एक मित्र म्हणाला, ओल्या उंदरातून करंट गेला असेल. बरं, गेला. केबलमधल्या आठ रंगीत तारांचा सिग्नल त्या सडक्या आतड्यांतून रंगाप्रमाणे बराबर गेला? तोही बंद कार्डातून? आणि केबल चार दिवसांपूर्वीच तुटली असेल, तर त्या सकाळी मी आत शिरलो कशातून?

नवी केबल टाकली, 'अप' दिलं. नेट आलं, पुन्हा तसंच रडतखडत. हेडमास्तर अजून फोन करतात — "त्या दिवशी जे केल्तं, तेच करा की."

काय केल्तं, मला माहीत नाही. आणि ज्यानं केलं असेल, त्याला मी शेपटीला धरून उकिरड्यावर फेकून आलोय.